तीन चाकं आणि एक बंद ट्रेलर

हॅवलिन, नेब्रास्का
१४ मे

वेंडेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील तर आधी सांगते, कुणी मेलेलं नाही. बस खाली आणि वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा जुना रस्ता. टपालवाल्याला काही तू दारातून हाकलणार नाहीस.

काम ट्रेलरचं आहे. बंद ट्रेलर. चारी बाजूंनी पत्रा, वर छप्पर आणि मागे जमिनीवर आडवं पडणारं दार, ज्याच्यावरून गाडी चढवता येते. त्यात तुझ्या भावाची तीनचाकी मोटरसायकल घालायची आणि पिकअपला जोडून तुमच्या डोंगरापर्यंत आणायची. तू जन्मभर गुरं आणि घोडी ट्रेलरमधून वाहिलीस म्हणून तुला विचारतेय. इथे दुसऱ्या कुणाला विचारलं तर रविवारपर्यंत चर्चमध्ये सगळ्यांच्या तोंडी होईल.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तुमच्या मोटरसायकल क्लबची फेरी. परवा रोलंडने अंडं खाता खाता विचारलं, "फेरी अजून शेवटच्या शनिवारीच असते का गं?" दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने तो शब्द तोंडातून काढला. मी कॉफी ओतत राहिले, पण आत काय झालं ते मला ठाऊक. तेव्हाच ठरवलं, यंदा ह्या माणसाला तिथे न्यायचंच. आणि तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलायला लागलात तर मला दुसरं काही नको. हे मी तुला सरळ सांगतेय, नंतर म्हणू नकोस की नॅडीनने आडून डाव टाकला.

ट्रेलर कशाला, चारशे मैल चालवत का येत नाही, असं तू विचारशील. माझी कंबर. मागच्या सीटवर शंभर मैलांच्या पुढे टिकत नाही. बस, एवढंच कारण.

आता तूच सांग, उघडा ट्रेलर किती सोपा. हलका, स्वस्त, गाडी चढवली, पट्टे आवळले, निघालो. पण तुझा भाऊ म्हणतो, "उघड्यावर बांधून नेण्यापेक्षा मी ती नदीत ढकलून देईन." मला कळतं तो का म्हणतो. गाडी ट्रेलरवर घालून फेरीला येणाऱ्याच्या हँडलला तुम्ही बाळाचा लंगोट बांधता, आणि त्याने तो दिवसभर मिरवायचा. तुमच्या क्लबातल्या हार्लनला त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तूच बांधला होतास ना? सगळे हसले, मीही हसले. आता भोगतेय. तेव्हा ट्रेलर बंद हवा, पांढरा हवा, वर काही लिहिलेलं नको आणि खिडकी तर नकोच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!

आणि दोन वर्षांपूर्वी तो नवी तीनचाकी घेऊन आला तेव्हाचं ते अंगणातलंही मी विसरलेले नाही. भर अंगणात, कोलाचांचं, त्या जॅम भरलेल्या गोड पावांचं, ताट माझ्या हातात असताना तू म्हणालास, "रोलंड, आता पुढे टोपली लाव आणि अंडी विकायला जा." मग फेरीच्या सकाळी, क्लबचा कॅप्टन ना तू, त्या थाटात, "तीन चाकं शेवटी." तीस वर्षं तुझ्या शेजारून चालवणाऱ्या माणसाला! तो अर्ध्या रस्त्यातून वळून घरी आला आणि तू मागे वळूनही बघितलं नाहीस.

असो. सहा फूट रुंद घ्यावा की सात? सहाचा स्वस्त पडतो. कळव.

नॅडीन


२ जून

वेंडेल,

तुझं काही आलं नाही. मी काही आश्चर्याने बेशुद्ध पडले नाही.

आम्ही सहा फुटी बघायला गेलो. हमरस्त्याला लागून ते दुकान आहे ना, कुंपणापाशी रांगेने पांढऱ्या पेट्या मांडलेल्या असतात, तिथे. विक्रेता ब्रॅडली नावाचा, दात इतके पांढरे की बघवत नाही. मी म्हटलं, "आमची गाडी तीनचाकी आहे, मागून रुंद आहे." तो म्हणाला, "मॅडम, यात सगळं मावतं." मी म्हटलं, "सगळं म्हणजे?" तर म्हणाला, "सगळं!"

रोलंडने घरून माप घेऊन ठेवलं होतं. काय मोजलं असेल? हँडल! तीस वर्षं दोन चाकांवर काढली, तिथे सगळ्यात रुंद असतं ते हँडल, म्हणून हात आपोआप तिकडेच गेला. मागची दोन चाकं आणि त्यांच्यावरचे पत्रे, जे हँडलच्या कितीतरी बाहेर येतात, ते मोजायचं साहेबांच्या ध्यानातच नाही. मी विचारलं, "मागचं मोजलंस?" तर म्हणाला, "नॅडीन, मला गाड्या कळतात." झालं. पुढे बोलायची सोयच नाही.

तरी गाडी आत गेली बरं का. चालवत थेट नाकापर्यंत. आणि मग तो बसला तिथेच. का? तर दोन्ही बाजूंना एवढी कमी जागा की पाय टाकायलाच मिळेना. दुचाकी असती तर एक पाय खाली, दुसरा वरून काढला, संपलं. ह्या बयेचं बूड भिंतीपासून भिंतीपर्यंत. आणि त्या ट्रेलरला बाजूचं दार नव्हतं.

आतून आवाज, "नॅडीन, इथून उतरता येत नाहीये."

ब्रॅडली म्हणाला, "सर, रिव्हर्स घ्या ना."

रोलंड म्हणाला, "घेतोच आहे!"

पण गाडी काही हलेना. ते रिव्हर्सचं बटण डाव्या अंगठ्याखाली आहे, आणि फार घट्ट आहे. मी त्या दुकानात कुणाला सांगितलं नाही आणि तुलाही विशेष सांगत नाही, बटण घट्ट आहे, बस. शेवटी मी मागून डिकीवर चढले. ह्या वयात, ह्या कमरेने, आणि अंगात चर्चचा स्कर्ट! मागच्या सीटवर बसून त्याच्या काखेखालून हात घातला आणि बटण मी दाबलं. त्याने हँडल धरलं. असे आम्ही दोघं उलटे बाहेर आलो, आणि बाहेर एक अख्खं कुटुंब आइस्क्रीम खात उभं राहून बघत होतं.

घरी आलो. जेवताना मी म्हटलं, "बाजूचं दार असलेला बघू." त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, "राहू दे तो ट्रेलर. राहू दे ती फेरी. तुम्हा सगळ्यांना माझी वरात काढायचीय."

मला त्याचा इतका राग आला, वेंडेल, की मी भांडी धुतलीच नाहीत. आणि तुझा त्याहून जास्त आला. एक ओळ लिहायला तुझं काय जातं?

नॅडीन


२५ जून

वेंडेल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे डोंगराचं चित्र, मागे हे एवढं: "सात फूट. बाजूला दार. वजन पुढे. वे."

धन्य आहे! "कशी आहेस" नाही, "रोलंड कसा आहे" नाही. गुरांच्या बाजारात माणसं यापेक्षा जास्त बोलतात. पण सल्ला खरा होता, म्हणून फाडलं नाही. माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवलंय, तिथे तो कधी हात घालत नाही.

आम्ही सात फुटी घेतला. नवा नव्हे. यॉर्कजवळच्या एका बाईचा, नवरा त्यात शर्यतीच्या बुटक्या गाड्या न्यायचा आणि आता तो फ्लोरिडात दुसरीबरोबर राहतो. बाई म्हणाली, "घेऊन जा, माझ्या डोळ्यांपुढून जाऊ दे." पांढरा आहे, दोन आस आहेत, ब्रेक आहेत, उजव्या बाजूला माणसाला वाकून उतरता येईल एवढं दार आहे. आत तळाला लोखंडी कड्या आहेत, पट्टे बांधायला. छपराला एक जागी गळतं, ते मी डांबराने बुजवलं.

वाटलं सुटलो. कसचं काय, आगीतून फुफाट्यात!

ते मागचं दार जमिनीवर पडतं तेव्हा त्याचा उतार बघून ठेव कधी. तीनचाकीचं पोट किती खाली असतं तुला माहीत असणार, नसेल तर विचार कुणाला, कारण तू तर तिला गाडीच मानत नाहीस. पुढचं चाक आत गेलं, आणि दाराच्या वरच्या काठावर पोट टेकलं. कर्र... असा आवाज आला की माझ्या दातांना झिणझिण्या आल्या. पुढेही जाईना, मागेही येईना. टेबलावर उताणं ठेवलेलं कासव जसं.

"मी म्हटलं होतं ना, उतार जास्त आहे," रोलंड म्हणाला.

"कधी म्हटलं होतंस?"

"मनात."

मग त्याचे आणि माझे दोन दिवस त्याच्यावरच. तो म्हणतो पिकअपचं नाक खड्ड्यात घाल म्हणजे ट्रेलरचं शेपूट खाली येईल. मी म्हणते दाराखाली लाकडी फळ्या घाल म्हणजे उतार लांब होईल. फेरीच्या गावाला मी खड्डा कुठून आणू? फळ्या घातल्या. नीट चढली. त्यावर तो म्हणाला, "हेच मी सुचवणार होतो." सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आता चढवायचं, उतरवायचं काम मीच करते. तो खाली उभा राहून हातवारे करतो, "डावीकडे, डावीकडे, अगं दुसरी डावीकडे!" उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय सगळं. परवाना माझ्याकडे आहेच, गाडी घेतली तेव्हा त्याच्या हट्टामुळे काढला होता. त्याला वाटलं होतं, बायकोची हौस. मलाही तसंच वाटलं होतं.

तो स्वतः का चढवत नाही, असं विचारू नकोस. त्याला बाहेरून बघायला आवडतं.

नॅडीन


१९ जुलै

वेंडेल,

आज मी चिडलेली नाही. थांब, चिडलेली आहेच, पण आज घाबरलेलीही आहे.

रविवारी रिकाम्या हमरस्त्यावर ट्रेलर ओढून बघितला. पिकअप मी चालवत होते. तू लिहिलंस "वजन पुढे", मी रोलंडला सांगितलं, तर लगेच, "कोण म्हणालं?" मी म्हटलं, दुकानदार म्हणाला. "दुकानदाराला काय कळतं!" त्याला पुढे खुर्च्या, तंबू आणि बर्फाची पेटी ठेवायची होती, म्हणून त्याने तीनचाकी मागे बांधायला लावली. तू म्हणाला होतास असं सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं की अजून मागे बांधली असती, देव जाणे.

साठच्या वर वेग गेला आणि ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडं, मग एवढं की अख्खी पिकअप रस्त्यावर डुलायला लागली. माझ्या हातात स्टिअरिंग नुसतं फिरतंय. रोलंड ओरडला, "ब्रेक मारू नकोस! पाय काढ, नुसता पाय काढ!" आणि ट्रेलरचे ब्रेक दाबायची कळ असते ना, डॅशबोर्डच्या खाली, तिच्याकडे त्याने हात नेला. वेंडेल, त्याच्या हाताला ती कळ सापडेना. हात नुसता हवेत थरथरत राहिला. मी पाय काढला, गाडी आपोआप शांत झाली, आणि आम्ही गव्हाच्या शेताकडेला उभे राहिलो.

तो हाताकडे बघत बसला. मग दुसऱ्या हाताने त्याला धरून मांडीवर दाबून ठेवला.

आता तुला सांगते, कारण कुणाला तरी सांगितलंच पाहिजे. माझ्या कमरेला काही झालेलं नाही. रोलंडला कंपवात आहे. तो तीन चाकांवर आला तो हौसेने नव्हे. चौकात थांबताना पाय टेकायचा, तो पाय गाडी तोलेनासा झाला, दोनदा पडला. तुला त्याने सांगितलं नाही कारण तू त्याचा धाकटा भाऊ आहेस. आणि तू त्याला अंडी विकायला पाठवलंस.

फार नाही अजून. थोडं आहे. गोळ्यांनी बरं वाटतं. फेरीत तो व्यवस्थित चालवेल, त्याची काळजी करू नकोस. पण लिंकन शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जे करायचं ते ह्या उन्हाळ्यात करा."

मी तुझ्याकडे दोनच गोष्टी मागते. एक, हे मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस, तो मला जन्मभर क्षमा करणार नाही. दुसरी, एका दिवसासाठी तो तीन चाकांचा नियम बाजूला ठेव. त्याला तुझ्या शेजारी येऊ दे. कॅप्टन तूच आहेस, नियम तुझा, मोडायला तुला कुणाची परवानगी लागते?

ट्रेलर पुन्हा भरला. गाडी पुढे, खुर्च्या मागे. आता सुतासारखा सरळ चालतो.

नॅडीन


२१ ऑगस्ट

वेंडेल,

तुझं दुसरं कार्ड. "रुंद गाडी रांगेत शेजारी घेतली तर मागचा आपटेल. तीन चाकं शेवटी. फाट्यावरच्या चौकात मी रस्ता अडवून उभा असेन. त्याला म्हणावं ये. वे."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुला शिव्या दिल्या, पाद्रीबुवांनी ऐकल्या असत्या तर मला बाकावर बसू दिलं नसतं. दुसऱ्यांदा वाचून अजून दिल्या. तिसऱ्यांदा मात्र त्या शेवटच्या दोन शब्दांवर डोळे थांबले. "म्हणावं ये." तू दगड आहेस, पण निदान दगडाला तोंड फुटलं.

मी त्याला अर्थातच काही म्हटलं नाही. म्हणाले असते तर ते कुठून आलं हे सांगावं लागलं असतं. तो येणारच आहे. शेवटी तर शेवटी.

गुरुवारी सकाळी निघतो. पट्टे मी बांधले, त्याने तपासले, मग मी परत आवळले.

नॅडीन


१६ सप्टेंबर

वेंडेल,

हे पत्र त्याच्या मनाविरुद्ध लिहितेय. आत खोलीत तो झोपलाय आणि मी स्वयंपाकघरात दार लावून बसलेय. जे झालं ते सगळं सांगते. मध्ये थांबू नकोस, आणि राग यायचा तर शेवटी येऊ दे.

शनिवारी सकाळी आम्ही गावापासून तीस मैल अलीकडे, त्या बंद पडलेल्या धान्याच्या कोठारामागे ट्रेलर लावायला गेलो. रोलंडने नकाशावर ती जागा शोधून ठेवली होती. कुणी कुत्रं फिरकणार नाही म्हणाला. वळणावरून आत शिरलो आणि बघते तर काय, पांढऱ्या ट्रेलरची रांग! सगळे बंद, कशावर एक अक्षर नाही. माणसं हळूच दारं खाली घेतायत, गाड्या उतरवतायत, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. एकजण माझ्यासमोर आला तेव्हा म्हणाला, "आज हवा छान आहे." मी म्हटलं, "हो, फार छान." नावं सांगणार नाही. पण तुझ्या त्या शूर क्लबात लंगोट पुरायचे नाहीत एवढं सांगते.

दोन महिन्यांत पहिल्यांदा रोलंड खदखदून हसला. "नॅडीन, मी उगाच दोन वर्षं घरी बसलो गं."

मी तीनचाकी उतरवली. तो चढून बसला. हेल्मेट घातलं, हातमोजे घातले. इंजिन चालू केलं आणि हँडल धरलं, आणि त्याचा डावा हात उडायला लागला. थोडं म्हणाले होते ना मी तुला? ते थोडं नव्हतं. ते मी तुला खोटं लिहिलं, आणि खरं तर स्वतःलाही. लांबचा प्रवास, परकी गादी, गोळीची वेळ चुकली, काय कारण असेल ते असो. हँडल तो सरळ धरू शकेना. त्याने इंजिन बंद केलं, परत चालू केलं, परत बंद केलं.

मी म्हटलं, "रोली, इथूनच परत जाऊ."

त्याने चावी काढून माझ्यापुढे धरली. मग म्हणाला, "तू चालव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुमच्यात पुरुष बायकोच्या मागे बसला तर काय म्हणतात ते मला माहीत आहे. लंगोट त्याच्यापुढे काहीच नाही. मी म्हटलं, "आणि तू?"

"मागे बसतो. पण तुझं जाकीट मला दे. माझं तू घाल."

तिथे, त्या कोठाराच्या आडोशाला, आम्ही जाकिटं बदलली. त्याचं काळं, पाठीवर क्लबचं चित्र असलेलं, मी घातलं. माझं जांभळं त्याने घातलं, चेन छातीपाशी लागेना तर तशीच उघडी ठेवली. हेल्मेटं बदलली. दोन्ही पूर्ण चेहरा झाकणारी, काळ्या काचेची. उंची आमची सारखीच आहे, आणि वजनाबद्दल तू एक शब्द बोलायचा नाहीस. लांबून बघणाऱ्याला वाटावं, रोलंड चालवतोय आणि मागे त्याची बायको. मला हसू येत होतं आणि रडूही. तो मात्र हसला नाही. जाकिटाची कॉलर नीट करून मला म्हणाला, "पाठ ताठ ठेव. मी असा वाकून बसत नाही."

आम्ही शेवटी लागलो. तुझा नियम पाळला बघ. अख्खी फेरी मी चालवली, वेंडेल. वळणावर तो माझ्या कानाशी सांगायचा, "आता सोड. आता धर. आता." त्याचा डावा हात माझ्या कमरेला होता, तो थरथरतोय हे मला प्रत्येक मैलाला कळत होतं.

आणि मग फाट्यावरचा चौक आला. बाजूची वाहनं थोपवायला तू रस्ता अडवून उभा होतास, मोटरसायकल आडवी लावून. पुढचे सगळे गेले, तू कुणाला मानसुद्धा हलवली नाहीस. कॅप्टन हलवत नाही, मला माहीत आहे. मग आमची गाडी आली. तू आम्हाला बघितलंस. तू गाडीवरून उतरलास. हेल्मेट काढलंस, आणि ते छातीशी धरून उभा राहिलास, आम्ही पार जाईपर्यंत.

मी हात वर केला. रोलंड करतो तसा, दोन बोटं खाली वाकवून. करायलाच हवा होता, नाहीतर तू ओळखलं असतंस. मागे तुझ्या भावाने काही केलं नाही. हात वर केला असता तर त्याचं थरथरणं तुला दिसलं असतं. त्याने फक्त माझ्या पाठीवर हेल्मेट टेकवलं आणि तिथेच ठेवलं. पुढच्या दोन मैलांत मला त्याचं रडणं पाठीवर कळत होतं.

फेरी संपल्यावर सगळे जेवतात त्या कुरणापर्यंत आम्ही गेलोच नाही. तिथे उतरावं लागलं असतं. जेवणाआधीच वळलो, गाडी पेटीत घातली, घरी आलो. तू शोधलंस का आम्हाला? हार्लन सांगत होता, तू दोनदा रांगेच्या शेवटापर्यंत येऊन गेलास. मला ते ऐकवलं नाही.

नंतर गेल्या आठवड्यात तुझं कार्ड आलं. ह्यावेळी त्याच्या नावाने. दोन वर्षांत पहिलं! "रोलंड, नॅडीन उगाच घाबरवते. गाडी अजून रेघेत धरतोस, आपल्या म्हाताऱ्या बापासारखी. पुढच्या वर्षी माझ्या शेजारी ये. नियम गेला खड्ड्यात. वेंडेल."

त्याने ते वाचलं. मी तुला कळवलं होतं हे त्याला त्यातूनच कळलं, ते भांडण आमचं आम्ही करू. मला वाटलं तो चिडेल. तो फ्रिजजवळ गेला, कार्ड चुंबकाने लावलं आणि म्हणाला, "छान चालवलंस तू, नॅडीन. त्याला सांगू नकोस." आणि आत जाऊन झोपला. तेव्हापासून जेवायला येतो आणि जाता येता त्या कार्डाकडे बघतो. ज्या माणसाची तू तारीफ केलीस तो दुसराच कुणीतरी आहे, असं त्याला वाटतंय. आणि तो दुसरा कुणीतरी मी आहे!

मी थकलेय, वेंडेल. मी साडेतीन महिने ट्रेलर शोधला, फळ्या कापल्या, पट्टे आवळले, तुम्हा दोघांना एका रस्त्यावर आणलं. आणलंही. आणि तुम्ही एकमेकांसमोरून गेलात, एक जण हेल्मेट काढून आणि एक जण माझ्या पाठीमागे लपून. ह्यापुढे मला काही जमणार नाही. माझ्याकडे आता कुठलाच ट्रेलर नाही ज्यात मी त्याला झाकून तुझ्यापर्यंत आणू शकेन.

पुढच्या वर्षी, असं तू लिहिलंस. पुढच्या वर्षी तो हँडल धरणार नाही. कदाचित चमचाही नाही. तुला शेजारी चालवायचं होतं ते राहिलं, आणि ते आता होणार नाही, हे तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. मी सांगतेय.

तू त्या चौकात जो मान दिलास तो मी घेतला. माझा नव्हता. तो त्याने बघितला, पण त्याला मिळाला नाही. येऊन ज्याचा त्याला दे. काही बोलायला जमत नसेल तर बोलू नकोस, नुसता येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बस.

या रविवारी ये. सकाळी त्याला फार त्रास असतो. दुपारी दोननंतर बरा असतो.

नॅडीन